विंडोज १० निवृत्त, रुग्णालयांपुढे पेच

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही; फक्त प्रणालीत नव्याने सापडणारी भगदाडे आता फुकटात बुजवली जाणार नाहीत. ‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. तालुक्याच्या गावातल्या छोट्या रुग्णालयात बिलापासून सोनोग्राफीच्या ‘फॉर्म एफ’पर्यंतचे सारे काम एखाद्या जुन्या संगणकावर चालते. तो धडधाकट संगणक भंगारात काढायचा, की त्यावर फुकट मिळणारी लिनक्स टाकायची?

‘लिनक्स सुरक्षित, विंडोज असुरक्षित’ हे उत्तर तोंडावर तयार असते आणि त्यासाठी ‘वॉनाक्राय’चा दाखला दिला जातो. १२ मे २०१७ रोजी या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला गाठले. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-ट्रस्टांचे काम विस्कळीत झाले, सुमारे १९ हजार तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज निघाला. हल्ला विंडोजमधल्या त्रुटीतून झाला हे खरे. पण त्या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्चला दिला होता. तिथल्या लेखापरीक्षकांना बाधित संगणकांपैकी बहुसंख्य ‘विंडोज ७’वर चालणारे आढळले. म्हणजे त्या वेळी कंपनीचा पाठिंबा असलेलेच. अपडेट तेवढे टाकलेले नव्हते. औषध कपाटात होते, रुग्णाला दिलेच नव्हते. अशा हलगर्जीपणापुढे कोणतीही प्रणाली टिकत नाही, लिनक्सही नाही.

मात्र अपडेट टाकणे नेहमी रुग्णालयाच्या हातात नसते, आणि खरी अडचण इथेच आहे. सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा पडदा दाखवणारा संगणक यंत्राचाच भाग मानला जातो. कंपनीने तो विशिष्ट प्रणालीसह तपासून प्रमाणित केलेला असतो. रुग्णालयाने परस्पर अपडेट टाकले, तर देखभालीचा करार अडचणीत येऊ शकतो. यंत्र दहा-पंधरा वर्षे चालते, प्रणालीचे आयुष्य त्याआधीच सरते. यासाठीच मायक्रोसॉफ्ट यंत्र-उत्पादकांना दीर्घ मुदतीची वेगळी आवृत्ती देते. ‘विंडोज १०’च्या अशा २०२१ सालच्या आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आपल्या यंत्रात यातली नेमकी कोणती आहे, हा प्रश्न खरेदी समितीत कोणी विचारतो का? बहुधा नाही. चर्चा टेस्ला आणि स्लाइसवर होते.

मुक्तस्रोत म्हणजे अमरपट्टा, असाही एक समज आहे. सर्व्हरसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘सेंट ओएस ८’ या लिनक्सला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे सांगितले गेले होते. २०२१ अखेरीस तो संपला. फरक असा की, आज्ञावली खुली असल्याने ‘रॉकी’ आणि ‘अल्मा’ हे तिचे पर्याय इतरांना उभे करता आले. ‘विंडोज १०’बाबत तसे कोणाला करता येणार नाही. तिथे पैसे मोजूनच मुदत वाढते: संस्थांसाठी पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि तेही जास्तीत जास्त तीन वर्षे.

खुलेपणाची दुसरी बाजू मार्च २०२४ मध्ये दिसली. लिनक्समध्ये सर्वत्र असलेल्या ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ते साधन मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता. त्याचा विश्वास दोनेक वर्षे खपून मिळवला गेला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेतून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो पकडला. गंमत म्हणजे ते मायक्रोसॉफ्टचेच नोकर. आज्ञावली उघडी होती म्हणून मूळ शोधता आले. पण उघडी असूनही आधी कोणी पाहिली नव्हती.

खर्चाचे गणितही परवान्याच्या किमतीपाशी संपत नाही. विंडोज दुरुस्त करणारा गल्लीत मिळतो, लिनक्स जाणणारा अनेकदा शहरातून बोलवावा लागतो. शिवाय जुना प्रिंटर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, डिजिटल सही या सगळ्यांनी लिनक्सशी जमवून घ्यायला हवे. तरीही हे जमलेले उदाहरण शेजारच्या छत्तीसगडमध्ये आहे. बिलासपूरजवळच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयातून ‘बाह्मनी’ ही मुक्तस्रोत रुग्णालय-प्रणाली आकाराला आली. रुग्णाची नोंद, प्रयोगशाळा आणि बिल असे सारे त्यात आहे, आणि सर्व्हर लिनक्सवर चालतो. नोंदी पाहायला कर्मचाऱ्याला ब्राउझर पुरतो, समोरचा संगणक कोणत्या प्रणालीचा आहे याने अडत नाही. तालुक्यातल्या त्या जुन्या संगणकासाठी हीच वाट त्यातल्या त्यात सोयीची: नोंदणी आणि बिलाचा संगणक लिनक्सवर न्यावा, सोनोग्राफीच्या यंत्राला हात न लावता ते इंटरनेटपासून वेगळ्या जाळ्यात ठेवावे, आणि पुढच्या खरेदीच्या करारात सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार, ते साल लिहून घ्यावे.