सामान बांधणे म्हणजे तयारी नव्हे

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जुन्नर-आंबेगावातून जाणारे आईवडील आता केवळ मुलांच्या घरी राहून परतत नाहीत. न्यूझीलंडसारख्या देशात मोटरहोम भाड्याने घ्यायचे, त्यातच शिजवायचे, त्यातच निजायचे आणि पंधरा-वीस दिवस देश पाहायचा, असे बेत आखले जातात. बेताला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो ‘तयारी’ या शब्दाला आलेल्या दारिद्र्याला. मेतकूट, भाजणी, लोणचे, प्रेशर कुकर, गरम कपडे आणि छायाचित्रे काढायच्या स्थळांची यादी, एवढ्यावर ही तयारी संपते. याला आम्ही सामान बांधणे म्हणतो. प्रवासाची तयारी म्हणत नाही.

हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याचे सांडपाणी कुठे जाते, हे त्याला ठाऊक नसले तरी चालते. चालत्या घरात ते आपल्याबरोबरच फिरते. भांडी घासलेले पाणी एका टाकीत साठते, मैला दुसऱ्या टाकीत. आणि दोन्ही नेमून दिलेल्या ठिकाणीच स्वहस्ते रिकामे करावे लागतात. उघड्यावरच्या अशा मुक्कामांसाठी न्यूझीलंडमध्ये २०११ पासून स्वतंत्र कायदा आहे. २०२३ च्या कायद्याने ‘स्वयंपूर्ण’ वाहन ठरण्यासाठी शौचालय पक्के बसवलेले असणे आवश्यक केले. विमानतळावर खाद्यपदार्थच नव्हे, तर रानावनात वापरलेले बूटही जाहीर करावे लागतात. मध नेताच येत नाही. न सांगता नेलेल्या वस्तूबद्दल ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो.

हे सारे गाडी भाड्याने देणारा सांगतोच, असा प्रतिवाद होईल. तो नियम सांगतो. नियमामागचा देश सांगत नाही. ज्या बेटांवर माणूस पोहोचण्यापूर्वी वटवाघळांखेरीज जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता, त्यांना बाहेरच्या बीजाचे आणि किडीचे एवढे भय का वाटते? ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातील १८४० च्या वायतांगी कराराच्या दोन भाषांतील पाठांवर आजही वाद का होतो? साहित्याच्या विद्यार्थ्याला तर हे विशेष ठाऊक हवे, कारण सार्वभौमत्व या एका शब्दाच्या भाषांतराशी तो वाद निगडित आहे. ज्या भूमीवर आपले घर उभे करायचे, ती कोणाची आणि कशी झाली, हे न विचारता जाणारा पाहुणा कितीही सुशिक्षित असला तरी आगंतुकच.

या तयारीचे आदर्श शोधायला आम्हांला तालुक्याबाहेर जावे लागत नाही. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. परक्या नावाच्या या माणसाची आमच्या भूमीवरची खूण म्हणजे पाणी आहे. आपण परक्या देशात काय ठेवून येणार, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर दुसरे नाही.

दुसरा आदर्श अजून चालतो आहे. पावसाळा सरला की पारनेरकडचे मेंढपाळ बिऱ्हाड घोड्यावर लादून आमच्या दोन्ही तालुक्यांत येतात. कोणत्या गावचे पीक निघाले, कोणाच्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्याबदल्यात धान्य घ्यायचे की पैसे, पाणी कुठे, बिबट्याची भीती कोणत्या उसाच्या कडेने, हे ठरल्याशिवाय वाडा हलत नाही. मुक्काम उठतो तेव्हा मागे लेंडीखत राहते. परदेशातल्या चालत्या घराला आपण साहस म्हणतो आणि या घराला मागासलेपण.

मेंढपाळ पोटासाठी फिरतो, हौसेने नव्हे. त्याचे कष्ट रम्य करून सांगू नयेत, हे आम्हांला मान्य आहे. बिबट्याच्या भयाने जागून काढलेल्या रात्रीत रम्य काहीही नसते. परंतु पोटासाठी केलेला प्रवास हा प्रवासच नव्हे, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे काय करायचे तेही सांगावे. कुटुंबावरच्या कर्जाने गांजून, दक्षिणेच्या आशेवरच ते १८५७ मध्ये घराबाहेर पडले होते.

प्रवासवर्णनाच्या प्रश्नपत्रिकेत लेखकाने काय पाहिले, हा प्रश्न ठरलेलाच असतो. त्याआधी तीन प्रश्न विचारले जावेत, असा आमचा आग्रह आहे. निघण्यापूर्वी त्याने त्या देशाविषयी काय जाणून घेतले? तो कोणाच्या जमिनीवर निजला? उठताना मागे काय ठेवले? ज्या पुस्तकापाशी यांची उत्तरे नाहीत, ते सहलीचे टिपण म्हणून खुशाल वाचावे. त्याला प्रवासवर्णन म्हणण्याची घाई मात्र करू नये.