संगणक बदलला म्हणून विद्या बदलते काय?

सवय ही मनुष्याची मोठी चाकर आहे; पण ती केव्हां धनीण होऊन बसेल याचा नेम नसतो. शाळांतील व कचेऱ्यांतील संगणकांवर सध्यां कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बदलण्याचे प्रसंग येत आहेत. त्या निमित्तानें या गोष्टीचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं 'विंडोज १०' या प्रणालीस कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या नेहमींच्या विनामूल्य दुरुस्त्या बंद झाल्या. पुढील 'विंडोज ११' ही प्रणाली टीपीएम २.० ही सोय नसलेल्या जुन्या यंत्रांवर रीतसर चालत नाहीं. तेव्हां बेताच्या उत्पन्नाच्या शाळेनें धडधाकट यंत्रें मोडींत काढावीं, कीं त्यांवर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवावी? दुसरा मार्ग शहाणपणाचा खरा. पण तो पत्करतांच तक्रारींना ऊत येतो.

त्या तक्रारी अगदींच निराधार नाहींत. ओळखीचे 'सी' व 'डी' हे विभाग नव्या प्रणालींत दिसत नाहींत. सर्व फाइली एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांवर असतात. इंग्रजी नांवांतील लहान व मोठीं अक्षरें भिन्न मानलीं जातात. वर्डच्या जागीं लिब्रे ऑफिसमधील रायटर येतो; त्यांत जुनी फाइल उघडते, परंतु तक्ते व समास कधीं कधीं जागचे हालतात. मात्र नीट पाहिलें तर कायम राहिलेलेंच अधिक आहे. 'कंट्रोल' व 'सी' या कळांनीं मजकुराची नक्कल होते, 'कंट्रोल' व 'व्ही' यांनीं ती चिकटते, आणि कोष्टकांतील बेरजेचें सूत्रही तेंच राहतें.

मराठीच्या शिक्षकांस खरा धक्का बसतो तो निराळ्याच ठिकाणीं. युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेला मजकूर वस्तुतः मराठी नसतोच. परक्या खुणांवर चढविलेला तो मराठीचा मुखवटा असतो. तो फाँट नव्या यंत्रावर नसला कीं वर्षानुवर्षें जपलेल्या प्रश्नपत्रिका निरर्थक चिन्हांच्या रांगा होतात. याउलट युनिकोडमधील 'क' हा कोणत्याही प्रणालींत 'क'च राहतो. भारत सरकारनें प्रमाण ठरविलेल्या 'इनस्क्रिप्ट' कळफलकाचीही तीच गोष्ट. विंडोज असो, लिनक्स असो कीं मॅक असो, इंग्रजी 'के'ची कळ दाबली कीं 'क'च उमटतो. ज्यानें ही पद्धति शिकून घेतली, त्याच्या बोटांस नव्या घरीं नवें कांहीं शिकावें लागत नाहीं.

आमच्या मतें सर्व प्रश्नाचें सार यांतच आहे. जें ज्ञान एकाच दुकानाच्या मालाशीं बांधलेलें असतें तें माल बदलतांच पंगु होतें; जें प्रमाणाच्या पायावर उभें असतें तें आपल्याबरोबर येतें.

कोणी म्हणेल, जर्मनींतील म्युनिक नगरपालिकेनें २०१३ पर्यंत सुमारें १५,००० संगणक लिनक्सवर आणिले, आणि २०१७ सालीं पुनः विंडोजकडे वळण्याचें ठरविलें, त्याची वाट काय? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. परंतु आपल्याच देशांत केरळांतील सरकारी व अनुदानित शाळांची मुलें कित्येक वर्षें मुक्त प्रणालीवर शिकत आहेत, हेंही विसरतां येत नाहीं. अमुक प्रणाली श्रेष्ठ असें आमचें म्हणणेंच नाहीं. मुलांस आपण काय शिकवितों, एवढाच आमचा प्रश्न आहे.

म्हणून चालकांस आमची विनंति अशी, कीं बदल परीक्षेच्या तोंडावर करूं नये. आधीं सर्व फाइलींची दुसरी प्रत ठेवावी व जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्यें आणावा. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनही चालवून पाहतां येतें. तेव्हां यंत्रांतील जुनें न पुसतां शिक्षकांस कांहीं दिवस सराव करूं द्यावा.

आणि विद्यार्थिमित्रहो, २०१४ च्या एप्रिलांत 'विंडोज एक्सपी'चीही हीच गत झाली होती. तुम्ही कामधंद्यास लागाल तेव्हां आजचें पडद्यावरील चित्र राहिलेलें नसेल. यास्तव कळ कोठें आहे हें पाठ करण्याआधीं ती काय करते हें समजून घ्या.