अजून ग्रुप सुटला नाही का?

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत परवा शेजारच्या टेबलावर कॅल्क्युलेटर दिसला. बेरजेच्या बटणावरची खूण पार पुसलेली. मुलगी सीए फायनलची. दिवसभर आर्टिकलशिप, रात्री कन्सॉलिडेशनची गणितं. या परीक्षेत प्रत्येक पेपरात किमान ४० आणि तीन पेपरांच्या ग्रुपला एकूण ५० टक्के लागतात. म्हणजे तिन्ही पेपरांत ४५-४५ मिळवणारा नापासच. नियम कडक आहे आणि तसाच राहावा. ताळेबंदावरच्या सीएच्या सहीच्या भरवशावर लोक आपली पुंजी गुंतवतात. पण लग्नाच्या पंगतीत या मुलांना ‘अजून ग्रुप सुटला नाही का?’ विचारणारे काका-माम्या मला मुळीच खपत नाहीत. मंडळी, पुढच्या वेळी जिलेबी वाढा आणि विषय बदला.