वाकलेल्याला आणखी किती वाकवणार?



मागच्या महिन्यात आपट्याच्या ठेसनावर एका भल्या माणसानं माझ्या हातात चार पानी पत्रक ठेवलं. गुळगुळीत कागद, वर निळं आभाळ, खाली मथळा: नम्रता, कृपा आणि देवाची प्रीती. पहिली पाळी करून आलो होतो, गाडीला वेळ होता, म्हणून सगळं वाचलं. माणसानं स्वतःला धूळ समजावं. हक्काचा हट्ट सोडावा. अन्याय करणाऱ्याला क्षमा करावी. मग प्रभू कृपा करील आणि वर उचलील.

पत्रक फाडलं नाही. घरी आणलं. कारण हेच पत्रक माझ्या खात्यातल्या एका सोबत्याच्या उशाखाली मी आधी पाहिलं होतं. कंत्राटी कामगार, आपल्याच वस्तीतला, आपल्याच रक्ताचा. रोलरमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मुकादम म्हणाला, तुझीच चूक. आम्ही भरपाईचा अर्ज लिहून तयार ठेवला होता. फक्त त्याची सही हवी होती. तो म्हणाला, ‘राहू दे रं. मी त्यांना क्षमा केली. माझंच काही पाप असंल.’

दोन बोटं गेली ती मशीननं नेली. अर्ज कुणी नेला? त्याचा जाब मागायला हे लिहितोय.

आता नम्रतेचं बघू. नम्रता म्हणजे वरच्यानं खाली उतरणं. ज्याच्या पायाखाली पायऱ्या आहेत त्यालाच उतरता येतं. नारायण वामन टिळक कोकणस्थ ब्राह्मण. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात सोडली, घर तुटलं, आप्तांनी तोंडं फिरवली. महार-मांगांतून ख्रिस्ती झालेल्यांच्या पंगतीला ते बसले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, त्यात सोवळं मनातून निघताना किती सोलपटतं ते दिसतं. ही नम्रता खरी. तिला किंमत पडली, म्हणून खरी. मी तिला हात जोडतो.

पण तोच शब्द घेऊन तुम्ही महारवाड्यात येता तेव्हा काय होतं? आमच्या आज्याला उतरायला पायरीच नव्हती. तो तळालाच होता. वेशीबाहेर उभा राहून ‘जोहार मायबाप’ म्हणत त्याची पाठ धनुष्य झाली. नम्रतेच्या परीक्षेत आम्ही शेकडो वर्षं पहिल्या नंबरानं पास झालोय, आणि बक्षीस म्हणून मिळाली मेलेली गुरं. ज्याचा कणाच वाकवला, त्याला ‘बाबा, जरा नम्र हो’ म्हणणं ही अध्यात्माची गोष्ट नाही. ती मालकाची सोय आहे. हे प्रवचन एकदा गिरणीच्या ऑफिसात जाऊन द्या. तिथे खुर्च्या आहेत, तिथे उतरायला जागा आहे.

आता कृपा. प्रामाणिकपणे बोलू, नाहीतर भांडण करण्यात अर्थ नाही. कृपेच्या शिकवणीनं एक मोठं काम केलं. मनुवाद सांगत होता, तुझा जन्म तू मागच्या जन्मी कमावलास. कृपा म्हणाली, कुणीच काही कमावलेलं नाही, ब्राह्मणानंही नाही, देवापुढे सगळे सारखेच रिकामे. कर्मसिद्धांताच्या मुस्काटात बसलेली ही थप्पड होती. नगर जिल्ह्यातली महार-मांगांची गावंच्या गावं अमेरिकन मराठी मिशनकडे गेली ती नुसत्या दुधाच्या भुकटीसाठी नव्हे. तिथे अक्षर मिळालं, तिथे कुणी जवळ बसवलं. जोतिबा स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली मुक्ता साळवे, चौदा वर्षांची मांगाची पोर, तिचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली छापला कुणी? मिशनच्या ‘ज्ञानोदया’नं. हे विसरणारा कृतघ्न.

पण मुक्तेचा निबंध काढून वाचा. ती कृपा मागत नाही. ती जाब विचारते, की वेद ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कुठला? ती पोर धूळ व्हायला तयार नव्हती.

बाबासाहेबांनी नेमकी इथेच बोट ठेवली आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले लेख सरकारनं १९८९ साली इंग्रजी खंड ५ मध्ये छापले. ज्याला इंग्रजी येतं त्यानं दुसऱ्याला वाचून दाखवावेत. त्यांचं म्हणणं साधं आहे. माणूस पडतो तो वाईट परिस्थितीनं पडतो. मिशननं त्याला शिकवलं की तू तुझ्या पापानं पडलास. मग तो परिस्थितीशी लढायचा सोडून स्वतःच्या छातीवर मुठी मारत बसतो. कर्म गेलं आणि त्याच्या जागी पाप आलं. दोष मात्र आपल्याच माथी राहिला! माझा सोबती म्हणतो, ‘माझंच काही पाप असंल.’ मुकादम म्हणतो, ‘तुझीच चूक.’ दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा आणि बघा, त्यांच्यात फरक किती उरतो.

आणि कृपेला देणारा लागतो, घेणारा लागतो. देणारा वर, घेणारा खाली. पुन्हा मायबाप! आपट्याहून ही लाईन रोह्याला जाते, पुढे कोकण रेल्वेनं वीरला. वीरला उतरलं की महाड. चवदार तळं सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. कागदावरची कृपा झालेली होती. ओंजळ मात्र भरली २० मार्च १९२७ ला, आपल्या हातानं, डोकी फुटली तरी. मग दहा वर्षं कोर्टात भांडून १९३७ साली हायकोर्टात जिंकलो. आणि मनुस्मृती जाळली ती १९२७ सालीच, २५ डिसेंबरला. जगभर नाताळ चालू होता. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, आमचा माणूस त्या रात्री जन्माला आला. गव्हाणीत नव्हे, जाळाशेजारी.

म्हणून तर ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये बाबासाहेब सांगतात की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. तो वाट दाखवतो, चालायचं आपण. बावीस प्रतिज्ञांत करुणा आहे, दया आहे, कृपेची याचना नाही.

राहिली प्रीती. देव सगळ्यांवर सारखी प्रीती करतो म्हणता. मग तिरुचिरापल्लीत ख्रिस्ती दफनभूमीत सवर्ण आणि दलित मढ्यांमध्ये भिंत कुणी घातली? मेल्यावरही जात! आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीच्या यादीबाहेर फेकला. शिखांना १९५६ मध्ये घेतलं, आपल्याला बौद्ध म्हणून १९९० मध्ये. त्याला नाही. सरकार म्हणतं तुझ्यात आता जात नाही, भिंत म्हणते आहे. त्यानं नम्र राहावं? त्यानं रस्त्यावर यावं, आणि आपण त्याच्या बाजूला उभं राहावं.

येशूबद्दल माझं भांडण नाही. सुताराचा पोर. देवळातल्या सराफांचे चौरंग त्यानं उलथले, तेव्हा तो कुठे नम्र होता? राज्यसत्तेनं त्याला खिळे ठोकून मारला. जोतिबांनी त्याला ‘गुलामगिरी’त बळीच्या नात्यात बसवला तो उगीच नाही. पत्रकवाल्यांनी त्याच्या हातातला आसूड काढून घेतला आणि गुळगुळीत कागदावर निळं आभाळ छापलं. आमच्या गावाला ज्या झाडाचं नाव आहे त्याचं पान दसऱ्याला सोनं म्हणून वाटतात. वाटणाऱ्यालाही ठाऊक असतं की ते पान आहे. त्याच पानाच्या विड्या वळणाऱ्या बाईला विचारा सोन्याचा भाव.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगतो. पाळकांना मारायला, प्रार्थना उधळायला निघालेल्या भगव्या टोळ्या या लेखावर हात मारू पाहतील. चालते व्हा! धर्म निवडायचा हक्क बाबासाहेबांच्या घटनेच्या पंचविसाव्या कलमानं दिलाय, माझ्या सोबत्यालाही. आम्ही आमच्या भावाशी भांडतोय. तुमचं इथे काम नाही.

आता स्वतःकडे. त्याच्या आईनं मला जे तोंडावर ऐकवलं ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा. म्हातारी म्हणाली, ‘तुम्ही आलात, फोटो काढलात, जयभीम करून गेलात. ती माणसं चार रात्री दवाखान्यात बसली. पेज आणली. त्याच्या घाणीला हात लावला. तुमची चळवळ तेव्हा कुठं व्हती?’

कुठे होती? चौदा एप्रिलच्या फलकावर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यावर भांडत होती. मी पण तिथेच होतो. त्यांच्या नम्रतेच्या पुस्तकाला मी शिव्या घालतो, पण त्या चार रात्रींची नम्रता आपल्याकडे नव्हती. मैत्री हा शब्द आपण वंदनेत म्हणतो आणि चप्पल घालून बाहेर पडलो की विसरतो. रिकाम्या उशाशी कुणीतरी पत्रक ठेवणारच.

तेव्हा ठरवू. वस्तीत कुणी दवाखान्यात पडला तर पाळी लावून बसायचं, रात्रीसुद्धा. अर्जाला मुदत असते, ती संपायच्या आत पुन्हा त्याच्याकडे जायचं. त्यानं ख्रिस्त सोडावा म्हणून नाही. त्यानं सही करावी म्हणून. क्षमा करायची तर भरपाई वसूल झाल्यावर कर बाबा, तेव्हा ती वरून खाली येईल, तेव्हा तिला वजन येईल.

आणि त्या पाळकालाही बोलावणार आहे. चार रात्री बसला, माणूस चांगला आहे. त्याला म्हणणार, तुझी प्रीती खरी असेल तर पाचव्या दिवशी आमच्याबरोबर कामगार ऑफिसात चल. साक्षीदार म्हणून सही कर. आला तर मी त्याला भाऊ म्हणेन आणि या अंकात तसं छापेन. नाही आला तर तेही छापेन.

जयभीम.

— एक गिरणी कामगार, आपटा