स्वयंसेवी संगणक-मंडळाचे कायदेशीर रूप

जबलपुरातील दहा-बारा तरुण एकत्र येऊन सर्वांस विनामूल्य वापरता येईल असे सॉफ्टवेअर तयार करीत आहेत, अशी कल्पना करू. स्नेह आहे तोवर कागदाची आठवण कोणास होत नाही. परंतु संकेतस्थळ एकाच्या नावे आणि देणग्या दुसऱ्याच्या खात्यात असल्या, व त्यांतील एक जण परगावी गेला, की सामुदायिक श्रमाचा धनी कोण, हा प्रश्न उभा राहतो.

मार्ग मुख्यतः तीन आहेत. सार्वजनिक न्यासात सत्ता विश्वस्तांच्या हाती असते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खालील कंपनीस नफा सभासदांत वाटता येत नाही. मात्र वार्षिक विवरणपत्रांचा भार तिजवर पडतो. तिसरा मार्ग नोंदणीकृत सोसायटीचा: किमान सात सभासद आणि लिखित नियमावली. विकिमीडियाच्या भारतीय स्वयंसेवकांनी २०११ साली बंगळूरू येथे सोसायटीच नोंदविली होती. मात्र पुण्याची नियमावली जबलपुरात जशीच्या तशी उतरवून घेऊ नये. महाराष्ट्रात १८६० चा कायदा लागू आहे, तर मध्य प्रदेशाने १९७३ साली स्वतंत्र कायदा केला.

जेथे श्रम हेच भांडवल, तेथे प्रत्येकास समान मत देणारी सोसायटीच आम्हांस श्रेयस्कर वाटते. तथापि केवळ नोंदणीने कार्यभाग साधत नाही. १९५७ च्या कायद्यान्वये स्वयंसेवकाने लिहिलेल्या आज्ञावलीचा स्वामित्वहक्क त्याच्याकडेच राहतो. लेखी हस्तांतराशिवाय तो संस्थेकडे येत नाही. म्हणून परवाना कोणता आणि हक्क कोणाचा, हे पहिल्याच सभेत ठरवून लिहून ठेवावे.