गाठी विरघळतात, पण सावकाश

आमचे मामू लातूरला गंजगोलाईजवळ राहतात. दहा-बारा वर्षांपूर्वी एका रात्री त्यांच्या पायाचा अंगठा असा ठणकू लागला, की चादरीचा स्पर्शही सहन होईना. मेडिकलमधून गोळी आणली, चार दिवसांत बरं वाटलं. पुढे वर्षातून एकदा, मग दर दोन महिन्यांनी तेच. प्रत्येक वेळी गोळी घ्यायची आणि दुखणं थांबलं की विसरून जायचं. आता त्यांच्या कोपरावर आणि बोटांच्या पेरांवर गाठी आहेत. एक फुटली तेव्हा आतून खडूसारखा पांढरा चुरा निघाला. वजू करताना नळ फिरवणं जमेना, तेव्हा कुठे ते तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. युरिक ॲसिड 9.8 निघालं, आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर आलेला होता.

हा आजार म्हणजे गाऊट. आयुर्वेदात याला वातरक्त म्हणतात, युनानी हकीम निक्रिस म्हणतात. हकीम यावर सुरंजान देत आले आहेत. त्याच वनस्पतीतलं कोल्चिसिन आजही डॉक्टर दुखण्याच्या झटक्यात देतात. आपल्याकडच्या कळलावीतही ते असतं, पण ती जहरी आहे. घरी उगाळून कुणाला देऊ नका.

शरीरातल्या पेशी आणि आपलं अन्न यांपासून युरिक ॲसिड बनतं. बहुतेक प्राण्यांकडे ते मोडून टाकणारं एक द्रव्य असतं, माणसाकडे नाही. आपल्याला ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर टाकावं लागतं. रक्तात त्याचं प्रमाण साधारण 6.8 च्या वर राहिलं, तर सुईसारखे बारीक खडे सांध्यांत साचू लागतात. 1961 साली मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकी डॉक्टरांनी सांध्यातल्या पाण्यात हे खडे खास सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून दाखवले. पांढऱ्या पेशी या खड्यांवर तुटून पडतात, तोच झटका. झटका ओसरतो, खडे मात्र तिथेच राहतात. मामूंची चूक इथेच झाली. दुखणं गेलं म्हणजे आजार गेला, असं त्यांनी धरलं.

प्रत्येक सांधेदुखी मात्र गाऊट नसते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 पासून डॉ. अरविंद चोपडा यांच्या पथकाने घरोघरी जाऊन सुमारे चार हजार प्रौढांची पाहणी केली. हाडा-सांध्यांच्या तक्रारी शंभरात अठरा जणांना होत्या. गाऊट निघाला हजारात जेमतेम एखाद्याला. म्हणून रिपोर्टवर आकडा थोडा वाढलेला दिसला की लगेच घाबरू नका. निदान डॉक्टरांना करू द्या.

घरात पहिला हुकूम सुटतो तो ‘दाळ बंद’. लातूर तर तुरीचं गाव! 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 47 हजारांवर पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवलं होतं. मटण, मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला. दूध-दही घेणाऱ्यांत तो कमी दिसला. भाजीपाला आणि दाळी-कडधान्यांनी धोका वाढला नाही. तेव्हा दाळ खुशाल खा. बकरी ईदला कलेजी, गुर्दे, पाया यांवर हात आवरा. गोड शीतपेयं टाळा, पाणी भरपूर प्या. पण नुसत्या पथ्याने साचलेले खडे जात नाहीत.

त्यासाठी ॲलोप्युरिनॉलसारखं औषध रोज घ्यावं लागतं. ते स्वस्त आहे, 1960 च्या दशकापासून वापरात आहे. डॉक्टर ते थोडक्या मात्रेने सुरू करून वाढवतात. युरिक ॲसिड 6 च्या खाली आणायचं असतं, गाठी असतील तर 5 च्या खाली. पहिले काही महिने खडे हलू लागल्याने झटके वाढू शकतात. बरेच जण इथेच ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून सोडून देतात. तसं करू नका, त्यावरही औषध मिळतं. मात्र अंगावर पुरळ उठलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रमजानमध्ये दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर घेता येते, फक्त आधी डॉक्टरांना विचारा.

कशालाच दाद न देणाऱ्या गाऊटसाठी पेग्लोटिकेज नावाचं सलाईनमधून द्यायचं औषध निघालं आहे. 2011 च्या चाचण्यांत दर दोन आठवड्यांनी ते घेणाऱ्या शंभरातल्या 42 जणांचं युरिक ॲसिड आटोक्यात आलं. पण ते फार महाग आहे, आणि काहींना त्याची गंभीर रिॲक्शन येते.

मला जास्त मोलाचा वाटतो तो इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा 2018 सालचा अभ्यास. तिथे नर्सनी रुग्णांना आजार नीट समजावला आणि दोन वर्षं पाठपुरावा केला. त्यांच्यातले शंभरात 95 जण ठरलेल्या आकड्याखाली आले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत फक्त 30. औषधं तीच जुनी होती. फरक पडला तो समजावण्याने.

आपल्या घरात ती नर्स कोण होणार? मामूंकडे त्यांची धाकटी सून झाली. गोळीची वेळ आणि दर तपासणीचा आकडा ती वहीत लिहिते. दीड वर्षात 9.8 वरून 4.9. कोपरावरची गाठ निम्मी झाली आहे. परवा फोनवर मामू म्हणाले, “बेटा, नळ आता मीच फिरवतो.”