बारा फोटो, बस्स!

मंडळी, आज एक कबुलीजबाब. हप्त्यावर घेतलेला नवाकोरा कॅमेरा गळ्यात अडकवून मी बाबांच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमाला गेले. ‘फोटोग्राफर कशाला? मी आहे ना!’ असं घरी ठणकावून सांगितलं होतं. एका संध्याकाळी ४१२ फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर पाहिले आणि पोटात गोळाच आला.

शाल घेताना बाबांचा हात म्हणजे नुसता पांढरा फराटा. भाषणात त्यांचा आवाज भरून आला, चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. तो क्षण सहा फोटोंत आहे आणि सहाही हललेले. एकदम शार्प काय आलं होतं? मागचा बॅनर!

‘‘छान आलेत गं,’’ बाबा म्हणाले. ते ऐकून जास्तच वाईट वाटलं.

प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा आपले आकडे नोंदवून ठेवतो. ते मी त्या रात्री पहिल्यांदा वाचले. शटर स्पीड १/१५, अ‍ॅपर्चर एफ/५.६, आयएसओ ४००. सेकंदाचा पंधरावा भाग बॅनर स्थिर राहतो, माणूस नाही राहत. आयएसओ ३२०० केला असता, तर त्याच उजेडात शटर १/१२५ वर गेलं असतं. फोटो थोडे दाणेदार आले असते, पण बाबा तरी दिसले असते!

ऑफिसात सल्ला मिळाला, ‘नवी लेन्स घे.’ आधीचे हप्ते कोण फेडणार? मला आठवल्या होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यात एका रोलवर फक्त १२ फोटो निघायचे. माझे तेवढे तर नुसत्या हारतुऱ्यांतच उडाले होते!

मग नियम केला. रविवारी पहाटे दादरचा फुलबाजार आणि बाराच फोटो. डिलीट करायचं नाही. दर वेळी एकच धडा. पहिल्या रविवारी फक्त शटर : डोक्यावर टोपली घेऊन लगबगीनं जाणारा माणूस १/३० वर, मग १/६० वर, मग १/२५० वर. दुसऱ्या रविवारी फक्त उजेड : बल्ब समोरून असला की चेहरा कसा दिसतो, बाजूनं असला की कसा. तिसऱ्या रविवारी एका जागी उभं राहून नुसती वाट बघायची. आणि हो, ‘‘मावशी, काढू का एक?’’ असं विचारायचं. बहुतेक मावश्या हसतात. एखादी ‘नाही’ म्हणते, मग कॅमेरा खाली.

सोमवारी लंच अवरमध्ये डब्यासोबत बाराही फोटो बघायचे आणि प्रत्येकाची एक चूक वहीत लिहायची. सुरुवातीला सगळीकडे ‘हलला’, ‘हलला’. दोन महिन्यांनी चुका बदलल्या. ‘डोक्यामागून खांब उगवलाय’, ‘घाई केली’. चूक नवी असली, की समजायचं आपण पुढं सरकलोय. हे सगळं मोबाइलवरही करता येतं बरं का. प्रो मोड नसला तरी उजेड बघणं आणि थांबणं कुणी अडवलंय?

परवा बाबा खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. एकच फोटो काढला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. ‘‘हा छान आलाय,’’ म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

भाषणातला तो क्षण मात्र गेला तो गेलाच. तुमच्या घरी पुढचं कार्य कधी आहे? त्याआधीचे रविवार मोजा.